मार्था सिस्टरांची पेटी

आवाज त्याच घरातून येत होता. हातातली अँटेना ओढ्याकडे वळवली की कानातली खरखर मंदावायची आणि समोरच्या कौलारू घरावर रोखली की वाढायची. दर तीन मिनिटांनी एकदा, घड्याळ लावल्यासारखी. टर्रर्र. मग शांतता. मग पुन्हा टर्रर्र.

"हेच," मी मागे वळून म्हणाले.

गफूरभाईंनी खांद्यावरची बॅटरी खाली ठेवली आणि घाम पुसला. गफूर इनामदार आमच्या वेधशाळेच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. या भागातली प्रत्येक वाडी त्यांना ठाऊक होती.

"हा दवाखाना आहे ताई. बाळंतपणाचा. मार्था सिस्टरांचा," ते म्हणाले. "जरा जपून बोला. इथं त्यांना फार मानतात."

ही गोष्ट सत्त्याण्णव सालच्या जानेवारीतली. मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि पीएचडीचं शेवटचं वर्ष कसंबसं रेटत होते. वाडीच्या वरच्या पठारावर आमच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या जाळीदार तबकड्या उभ्या होत्या. त्यांनी मला एका तेजोमेघाचा अभ्यास करायचा होता. हंस तारकासमूहात, धुळीच्या दाट पडद्याआड, तापलेल्या वायूचा एक प्रचंड ढग आहे. त्याला नाव नाही, नुसता नंबर आहे. साध्या दुर्बिणीतून तो दिसत नाही, पण त्याच्यातून निघणाऱ्या रेडिओ लहरी धूळ ओलांडून आपल्यापर्यंत पोचतात. त्या लहरींत हायड्रोजनची एक बारीकशी रेषा सापडते. ती किती उंच आणि किती रुंद आहे ते मोजलं, की त्या ढगाचं तापमान काढता येतं, तो किती दाट आहे तेही सांगता येतं.

पण ही रेषा अतिशय दुबळी असते. ती दिसायला दिवसच्या दिवस ऐकत राहावं लागतं, आणि आजूबाजूला एखादी ठिणगी जरी सारखी उडत राहिली तरी सगळं मातीत जातं. आदल्या वर्षीचा माझा अख्खा हंगाम असाच गेला होता. या वर्षी माझे मार्गदर्शक डॉ. पोंक्षे यांनी महत्प्रयासाने मला सात दिवस मिळवून दिले होते, सोमवार ते रविवार. पुण्याहून फोनवर ते एवढंच म्हणाले होते, "शरयू, यानंतर मला काही करता येणार नाही." माझी शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपत होती. सोमवारला दोन दिवस उरले होते आणि ती टर्रर्र अजून चालूच होती.

सिस्टर ओट्यावर कापडाच्या घड्या घालत बसल्या होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पांढरं पातळ, गळ्यात काळ्या दोऱ्यात लहानसा क्रूस. त्यांचं पूर्ण नाव मार्था भिंगारदिवे. नगरच्या मिशनच्या दवाखान्यात वीस वर्षं नोकरी करून त्या इथे आल्या होत्या आणि नवरा वारल्यावरही इथेच राहिल्या होत्या.

मी त्यांना अँटेना दाखवली, कानावर हेडफोन लावून तो आवाज ऐकवला. त्या लक्ष देऊन ऐकत राहिल्या. तिसऱ्या टर्रर्रला त्यांनी हेडफोन काढले आणि म्हणाल्या, "ही तर माझी पेटी."

आतल्या खोलीत, खिडकीपासून लांब, ती पेटी होती. प्लायवूडची, वरून काच, बाजूला हात घालायला दोन गोल भोकं. आत तळाला चार बल्ब, त्यांच्यावर पत्रा, पत्र्यावर गादी. कोंबड्यांची अंडी उबवायच्या यंत्रातला जुना थर्मोस्टॅट काढून त्यांच्या नवऱ्याने तिला जोडला होता. पेटी थंड झाली की तो बल्ब लावायचा, गरम झाली की विझवायचा. दर खेपेला त्याच्या झिजलेल्या पट्टीवर एक ठिणगी उडायची. तीच अडीच किलोमीटरवरच्या आमच्या तबकड्यांना ऐकू जात होती.

"रिकामी आहे," मी म्हणाले.

"रिकामी आहे, पण गरम ठेवते. बाळ सांगून येत नाही." त्यांनी काचेवरून हात फिरवला. "चौदा बाळं यातून घरी गेलीत. एक तर नऊशे ग्रॅमचं होतं. आता शाळेत जातं."

मी माझी अडचण सांगितली. त्या मधे मधे प्रश्न विचारत होत्या, आणि ते प्रश्न बावळट नव्हते.

"म्हणजे एवढ्या लांबून तुम्हाला त्याचा ताप कळतो?"

"कळतो. आवाज नसेल तर."

"किती असेल?"

"सात-आठ हजार अंश. नक्की काढायचाय."

त्या हसल्या. "मग त्याला माझ्या पेटीची गरज नाही."

गफूरभाईंनी थर्मोस्टॅट उघडून पाहिला. याच्या जागी ठिणगी न उडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच बसवता येईल, ते म्हणाले. दोन-तीन दिवसांचं काम. पेटीही नीट चालेल आणि दुर्बिणीलाही त्रास होणार नाही. सिस्टरांनी लगेच होकार दिला नाही. भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर त्यांनी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. त्या बोट ठेवत गेल्या.

"या महिन्यात दोघी आहेत, दोघींचे दिवस भरलेत. त्यांना पेटी लागायची नाही. चांगुणाला सातवा लागलाय, तिला वेळ आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तीन दिवस?"

"तीन दिवस," मी म्हणाले.

गफूरभाईंनी तिथेच थर्मोस्टॅट सोडवून पिशवीत टाकला. बाहेर पडताना मी हेडफोन लावले. कानात नुसता समुद्रासारखा एकसंध आवाज होता. त्यात काही म्हणजे काही नव्हतं. आनंदाने मला रडू फुटायचं बाकी होतं.

सोमवारी निरीक्षणं सुरू झाली. तेजोमेघ सकाळी नऊला वर यायचा, एकच्या पुढे माथ्यावर, पाचपर्यंत हाताशी. नियंत्रण कक्षात मी आणि एक चालक, एवढेच. चालक तबकड्या सांभाळायचा, मी पडद्यावरची वेडीवाकडी रेघ पाहत बसायचे. सोमवारी काही दिसलं नाही, दिसणारही नव्हतं. पण आकडे स्वच्छ येत होते. मंगळवारीही तसेच.

बुधवारी सकाळी नऊच्या आत मी सायकलने वाडीत जाऊन आले. तीन दिवसांचा शब्द दिला होता आणि चौथा उजाडला होता. सिस्टर विहिरीवरून पाणी आणत होत्या.

"झाला का हो स्विच?"

"गफूरभाई भाचीच्या लग्नाला गेलेत, सोलापूरला. सोमवारी येतील," मी म्हणाले. गफूरभाई खरोखरच मंगळवारी संध्याकाळी गेले होते.

"मग तोवर जुनाच लावून द्या की. तो चालतोय तसा चालू दे."

"तो उघडून ठेवलाय त्यांनी. मला जोडता येणार नाही."

त्या कळशी घेऊन उभ्या राहिल्या. "बरं," म्हणाल्या. "पण ताई, थंडी फार पडलीय. काल रात्री बादलीतल्या पाण्याला हात लावता येईना. लवकर बघा." मग आत जाऊन त्यांनी मला गुळाची दशमी कागदात बांधून दिली. दिवसभर मशीनपुढे बसता, खात नाही तुम्ही, म्हणाल्या.

मी जाताना त्यांना नियंत्रण कक्षाचा नंबर लिहून दिला. काही लागलं तर ग्रामपंचायतीतून फोन करा, असं सांगितलं. हे का केलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुधा त्यामुळे मला बरं वाटलं असावं.

गुरुवारी सव्वानऊला फोन वाजला. चालकाने उचलला आणि माझ्याकडे दिला.

"ताई, मी मार्था बोलते. चांगुणा पहाटे आली हो. बैलगाडीतून आणली. सातला मोकळी झाली. सव्वाकिलोसुद्धा नाहीये बाळ." त्या धापा टाकत होत्या. दवाखान्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत धावत आल्या असाव्यात. "पेटी लागणार आहे मला. तुमच्याकडे दुसरं कोणी नाही का, जो तो स्विच जोडील?"

पडद्यावर आकडे नुकतेच यायला लागले होते.

"तालुक्याला नाही का नेता येणार?" मी विचारलं.

"तिथली काचपेटी बंद आहे, मी परवाच चौकशी केलीय. पुण्याला न्यायचं तर जीपमध्ये तीन तास, या थंडीत. रस्त्यातच जाईल ते. आणि चांगुणाचं रक्त थांबत नाहीये, तिला हलवता येत नाही. नाहीतर तिच्याच छातीशी बांधलं असतं मी. तिच्या अंगात ऊबच नाही राहिली."

मी पडद्याकडे पाहिलं.

"ताई? ऐकताय ना?"

"गफूरभाई सोमवारशिवाय येणार नाहीत सिस्टर."

मग त्या म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज अगदी स्थिर झाला होता, "ठीक आहे. मी तारा थेट जोडून घेते. बल्ब हाताने लावीन आणि विझवीन. आत थर्मामीटर ठेवते. जागं राहायला हवं, एवढंच."

"हो," मी म्हणाले. "तसं करा."

"तुमच्या मशीनला त्याचा आवाज नाही ना व्हायचा?"

हे त्यांनी विचारलं. सव्वाकिलोचं बाळ दवाखान्यात ठेवून, ग्रामपंचायतीच्या फोनवर उभं राहून, त्यांनी मला हे विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "हाताने लावलं तर फारसा नाही."

मी फोन ठेवला. चालकाने विचारलं, काय झालं? मी म्हणाले, काही नाही, वाडीतल्या सिस्टर.

त्या दिवशी मी पाचपर्यंत जागची हलले नाही. संध्याकाळी वाडीत जाऊन यावं असं मनात आलं, पण दिवसभराचे आकडे पडताळायचे होते. मी ते पडताळले. त्यात कुठे कुठे बारीक टोचा होत्या, पाच-सहा मिनिटांनी एखादी. बल्ब लावल्याच्या आणि विझवल्याच्या. मी त्या एकेक करून पुसल्या. पुसताना मला कळत होतं की त्या काय आहेत. प्रत्येक टोचेला तिकडे सिस्टरांचा हात बटणावर होता. त्या जाग्या होत्या.

शुक्रवारी दुपारी, दोन वाजून गेल्यावर, तेजोमेघ माथ्यावर असताना आकडे एकदम नितळ झाले. वीस-पंचवीस मिनिटं एकही टोच आली नाही. पाच दिवसांची बेरीज मी पडद्यावर घेतली आणि त्या खवल्याखवल्यांच्या रेघेच्या मधोमध एक लहानसा उंचवटा दिसला. मी मोजून पाहिला. जिथे असायला हवा होता बरोबर तिथेच होता. चालकाला बोलावून दाखवला. पुण्याला फोन लावला. डॉ. पोंक्षे एरवी कोणाचं कौतुक करत नसत. ते म्हणाले, "शाब्बास. आता उरलेले दोन दिवस नुसती खात्री."

पाचला मी खोलीवर जाऊन तोंड धुतलं, झोळी खांद्याला लावली आणि सायकलने वाडीकडे निघाले. उतारावर गार वारा डोळ्यांत शिरत होता. मी खुशीत होते. त्या संध्याकाळची ही गोष्ट मी कधीच कोणाला सांगितली नाही. मी उतारावर मोठ्याने गात होते.

दवाखान्याच्या ओट्यावर सिस्टर बसल्या होत्या. केस सुटलेले. अंगणात कोणी नव्हतं. आतून एका बाईच्या कण्हण्याचा आवाज येत होता, तेवढाच.

"कसं आहे बाळ?" मी सायकल भिंतीला लावत विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि जरा सरकून ओट्यावर जागा केली. मी बसले.

"नेलं," त्या म्हणाल्या. "तिचा दीर आणि सासरा घेऊन गेले आत्ताच, ओढ्याकडे. तिला अजून सांगितलं नाही. तिला कळलंय बहुतेक."

मी झोळी मांडीवर ओढून घेतली.

"एकतीस तास मी जागी होते. मोजलेत मी. बल्ब लावला, घड्याळ बघितलं, विझवला, थर्मामीटर बघितलं. काल दिवसभर. रात्रभर. मधे चांगुणाला बघायचं, परत यायचं. सकाळी बाळाने चमच्याने दूध घेतलं. दोन चमचे. रंग चांगला आला होता. मला वाटलं, जगतं हे." त्या आपल्या हातांकडे पाहत होत्या. "मग दुपारी दोनला बल्ब लावला आणि मी भिंतीला टेकले. नुसती टेकले हो. डोळे उघडले तर अडीच व्हायला आले होते. बल्ब चालूच. पेटीत हात घातला तर..."

मग हळूच म्हणाल्या, "चौदा वेळा वाचवलं. पंधराव्या वेळी मी झोपले."

"तुम्ही एकट्या होतात सिस्टर."

"एकटी होते म्हणून काय झालं? झोपले तर मीच ना?" त्या पहिल्यांदाच माझ्यावर ओरडल्या. मग त्यांनी माझा हात धरला, घट्ट. "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. मला खरं सांगा. तो स्विच असता तर मी झोपले असते तरी चाललं असतं ना? म्हणजे माझी चूक तेवढीच ना, की मी झोपले? की मी तारा थेट जोडल्या, तीच चूक होती? मी तालुक्याला न्यायला हवं होतं का?"

आता ते सांगायला हवं, जे मी इतका वेळ टाळलं.

स्विच माझ्या झोळीत होता. मांडीवर झोळी होती आणि तिच्यात, मऊ कापडात गुंडाळलेला, गफूरभाईंनी केलेला स्विच होता. तो शुक्रवारी झालेला नव्हता. मंगळवारी दुपारीच झाला होता. सोलापूरला निघण्यापूर्वी गफूरभाईंनी तो माझ्या टेबलावर आणून ठेवला होता आणि म्हणाले होते, "दोनच तारा आहेत ताई, लाल आणि काळी. पाच मिनिटांचं काम. आजच बसवून टाका, सिस्टर वाट बघत असतील." मी हो म्हणाले आणि तो खणात ठेवला. तो मुका आहे की नाही हे कोणी तपासलेलं नव्हतं. त्याने आवाज केला असता तर माझे उरलेले दिवस गेले असते. पेटी बंद असण्याइतकी शांतता कुठल्याच स्विचने मिळाली नसती. फक्त रविवारपर्यंतचा प्रश्न होता. कॅलेंडरवर तर पेटी लागेल असं कोणीच नव्हतं, असं मी स्वतःला समजावलं. बुधवारी मी त्यांच्याशी धडधडीत खोटं बोलले. आणि गुरुवारी फोन आला तेव्हा तो खण माझ्या गुडघ्याला लागत होता. सायकलने दवाखाना बारा मिनिटांवर होता. शुक्रवारी रेषा हाती आल्यावरच मी तो खणातून काढून झोळीत टाकला.

सिस्टरांनी माझा हात धरला होता आणि त्या उत्तराची वाट पाहत होत्या.

"तुमची काही चूक नाही," मी म्हणाले. "असं मनाला लावून घेऊ नका."

त्यांनी हात सोडला. हे वाक्य त्या वाडीतला प्रत्येक जण त्यांना दुपारपासून सांगत होता. त्याने त्यांचं काहीच होणार नव्हतं. मी थोडा वेळ बसले, उठले आणि झोळी तशीच घेऊन पठारावर परत आले.

शनिवार-रविवारचे आकडे चांगले आले. मी जूनमध्ये प्रबंध दिला. तेजोमेघाचं तापमान सात हजार चारशे अंश, दोनशे इकडे-तिकडे. घनता, आकार, वायूचा वेग, सगळं तक्त्यात आहे. तो तक्ता अजूनही कोणी कोणी वापरतं. ऋणनिर्देशात मी गफूर इनामदार यांचे आभार मानले आहेत. मार्था भिंगारदिवे हे नाव लिहायचं धाडस मला झालं नाही.

गफूरभाई सोमवारी परत आले तेव्हा त्यांना बाळाचं कळलेलं होतं. "स्विच?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, सिस्टरांनी पेटीच मोडून टाकली. ते खरं होतं. शनिवारी सकाळीच त्यांनी ती अंगणात नेऊन कुऱ्हाडीने फोडली होती. गफूरभाईंनी मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही.

मी परदेशी गेले, परत आले, बंगळूरला शिकवलं. लग्न केलं, ते टिकलं नाही. वाडीची बातमी मी कधी विचारली नाही, पण एकदा एका परिषदेत गफूरभाई भेटले आणि बोलता बोलता म्हणाले, सिस्टरांनी त्यानंतर बाळंतपणं बंद केली. ओट्यावरची पाटी काढून टाकली. मी म्हणाले, हो का. आणि चहा घ्यायला गेले.

बावीस वर्षांनी, नोकरी सोडल्यावर, मी एका सकाळी पुण्याहून गाडी केली आणि वाडीत उतरले. कोणी बोलावलं नव्हतं. प्रवासभर मी वाक्यं जुळवत होते.

सिस्टर त्याच घरात होत्या. पंच्याहत्तरीच्या, खाटेवर उशीला टेकून बसलेल्या. डोळ्यांत मोतीबिंदू. मी शरयू टिपणीस असं नाव सांगितलं तेव्हा त्यांना लगेच आठवलं. "दुर्बिणीच्या टिपणीसताई. तुमचा तो ताप निघाला का नीट?" त्यांनी हसून विचारलं.

मी खाटेशेजारी खुर्ची ओढून बसले आणि सगळं सांगितलं. जुळवलेलं एकही वाक्य कामी आलं नाही. मंगळवार, खण, बुधवार, फोन, झोळी. त्या न हलता ऐकत होत्या.

मग त्यांनी विचारलं, "मंगळवारी?"

"हो."

"चांगुणा गुरुवारी आली."

"हो."

"आणि मी इथं ओट्यावर तुमचा हात धरून विचारत होते, तेव्हा झोळीत होता."

"होता."

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते, प्रार्थना असेल किंवा हिशेब. मग त्या बोलू लागल्या, कोरड्या आवाजात.

"मी त्यानंतर एकाही बाळाला हात लावला नाही. बायका दारात येऊन रडायच्या. मी सांगायचे, माझा हात थरथरतो. खोटं होतं ते. हात चांगला होता. वरच्या आळीतली शेवंता चार तास याच दारात बसली होती. मी उठले नाही. तिला जीपमध्ये घातली आणि घाटात गेली ती, पोटातल्यासकट. मी म्हटलं, माझ्या हातून मरण्यापेक्षा बरं." त्यांनी डोळे उघडले. "बावीस वर्षं, ताई. एक वाक्य सांगितलं असतंत तर मी दुसऱ्या दिवशी उठून उभी राहिले असते. तुमच्यावर चिडले असते, ओरडले असते, पण उठले असते."

मी खाली पाहत होते.

"माफी मागायला आलात?"

"हो."

"माफ करीन मी. मला करावंच लागेल, आमच्यात तसंच शिकवलंय. आज होईल की नाही माहीत नाही, पण करीन." त्या खाटेवरून पाय खाली घेऊ लागल्या. "पण ते माझ्यापुरतं झालं. मला सांगून तुम्ही मोकळ्या होणार नाही. माझ्या चपला द्या."

"कुठे निघालात?"

"चांगुणाकडे. खालच्या आळीला राहते. मला दिसत नाही नीट, हात धरा."

मी त्यांचा हात धरला. वाट उतरणीची होती, त्या थांबत थांबत चालत होत्या. एकदा वाटलं, गाडी रस्त्यावरच उभी आहे, ड्रायव्हरला हाक मारावी. पण त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.

चांगुणा अंगणात मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. चाळिशीची, काटक, डोक्यावर पदर. सिस्टरांना बघून ती उठली, पोतं झटकून अंथरलं. माझ्याकडे तिने नुसतं पाहिलं. मी तिला कधीच पाहिलेलं नव्हतं. तिचं फक्त कण्हणं ऐकलं होतं.

"चांगुणा, या बाईंना तुला काही सांगायचंय," सिस्टर म्हणाल्या. "तुझ्या पहिल्या बाळाचं."

ती परत खाली बसली. "बोला," म्हणाली.

मी दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. हे अधिक अवघड गेलं, कारण दुर्बीण म्हणजे काय, ठिणगीने काय होतं, हे सगळं तिला सांगावं लागलं आणि सांगताना ते सगळं इतकं क्षुल्लक वाटत होतं की माझे शब्द अडखळत होते. ती मधे एकदाही बोलली नाही. तिचे हात जुड्या बांधत होते, मधेच थांबत होते, परत बांधत होते.

मी संपवलं. कोंबड्या अंगणात दाणे टिपत होत्या. सिस्टर पोत्यावर मान खाली घालून बसल्या होत्या.

"माझी सासू म्हनायची, सिस्टर झोपली म्हनून ग्येलं," चांगुणा शेवटी म्हणाली. "म्या कदी तसं म्हनले न्हाई. पर मनात यायचं. सिस्टर वाटंत दिसली की म्या तोंड फिरवायची." तिने सिस्टरांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं, थेट. "तुमी त्या ढगाचं समदं मोजलं म्हनता. एवडी वर्सं झाली. पोरगा व्हता का पोरगी, येवडं तरी ठावं हाय का तुमाला?"

त्या फोनवर, त्या ओट्यावर, नंतरच्या बावीस वर्षांत, मी एकदाही विचारलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.

"पोरगी व्हती," ती म्हणाली, आणि पुढची जुडी हातात घेतली.